पाकिटावरचा पत्ता

गेल्या दिवाळीत आम्ही साखऱ्याला गेलो तेव्हा घरात फराळाचा वास होता, अंगणात सोयाबीनची पोती होती, आणि अण्णा व त्यांची धाकटी लेक यांच्यात अबोला होता.

साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले आमचे गाव. मी पोटासाठी शहरात राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो. शेत थोरल्या बंधूंकडे. त्यांनाच आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांची ही लेक तेव्हा बारावी शास्त्राला होती. पहाटे पाचला उठायचे, मोबाईलवर शिक्षकांची व्याख्याने ऐकायची, आणि पुढे नांदेडला शिकायला जायचे, असा तिचा बेत. तिच्यासाठीच अण्णांनी सिमकार्डावर चालणारी वायफायची डबी घरात आणली होती. रोजचा कोटा दोन जीबी. तो संपला की नेट असे रखडे, की एक चित्र उघडेपर्यंत चहा उकळून व्हावा.

दसऱ्यापासून मात्र हा कोटा पहाट व्हायच्या आतच संपू लागला. पोरगी पाचला अभ्यासाला बसावी, तर नेट मेलेले. आणि घरात दुसरे तिसरे कोणी नेट वापरणारे नाही, अशी अण्णांची खात्री.

"रातच्याला दोन वाजता मोटार चालू कराया उठतो मी," अण्णा मला म्हणाले. शेतीची वीज आमच्याकडे पुष्कळदा रात्रीचीच असते. "तर त्या डबीचा दिवा लुकलुक लुकलुक करायलाय. घरात सारे झोपलेले. मग हे रातभर कोण कोणाशी बोलायलंय? पोरीला इचारलं तर रडती. बारावी झाली की बस झालं आता. नांदेड नाही न् फांदेड नाही."

पोरीने मला परसदारी गाठले. "काका, मी दहालाच झोपते हो. तुम्ही तरी सांगा ना अण्णांना."

मी 'सांगतो' म्हणालो खरा. पण खोटे कशाला बोलू? माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकलीच. तरुण मुलांवर विश्वास ठेवावा, हे वर्गात व्याख्यानातून सांगणे फार सोपे असते.

भाऊबीजेला आमची बहीण आली. तिच्याबरोबर तिचा मुलगाही आला. हा माझा भाचा पुण्यात एका कंपनीत आहे आणि संगणकांची जाळी सांभाळणे हेच त्याचे काम. अण्णांनी त्याला ओवाळणी आटोपण्यापूर्वीच धरले.

"तू तर ह्याच धंद्यातला. पोरीचा फोन रातभर काय बोलतो, ते मला दाखव."

भाच्याने करंजी खाली ठेवली. "मामा, ती काय बोलते ते मी दाखवणार नाही. दाखवू म्हटलं तरी दाखवता येणार नाही. पण तुमचे दोन जीबी कोण खातं, ते उद्या सकाळी सांगतो. अट एकच. घरातले सगळे फोन तपासायचे. तुमचासुद्धा."

"माझा कशाला? मी त्याच्यात काय करतो? भजनं ऐकतो."

"सगळ्यांचे," भाचा म्हणाला. मग त्याने एकेकाला विचारले, अगदी वहिनींनाही. पोरगी सर्वांत आधी 'हो' म्हणाली. हे माझ्या लक्षात राहिले.

आता त्याने काय केले ते वाचकांना सांगायचे, तर आधी थोडा टपालखात्याचा आधार घेतला पाहिजे.

आपण फोनवर एखादे गाणे ऐकतो तेव्हा ते नळाच्या पाण्यासारखे अखंड येते, असा आपला समज असतो. ते तसे येत नाही. मजकुराचे लहान लहान तुकडे करतात. एक तुकडा साधारणपणे फार तर १५०० बाइटांचा. प्रत्येक तुकडा जणू एकेका पाकिटात घालतात आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहितात. हे पत्ते आकड्यांचे असतात. शिवाय मजकूर कोणत्या कामाचा, हे सांगणारा एक क्रमांक असतो. त्याला पोर्ट म्हणतात. अशी हजारो पाकिटे मिनिटामिनिटाला आपल्या घरातून जात-येत असतात. पलीकडच्या टोकाला ती जुळवून पुन्हा गाणे होते.

भाच्याने त्या डबीतून एक तार काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि लॅपटॉपलाच घराची वायफाय करून टाकले. आता घरातल्या प्रत्येक फोनचे टपाल त्याच्या दारावरून जाणार. मग त्याने एक काळा पडदा उघडला. त्यावर चित्र नाही, बटण नाही; शाळेतल्या पाटीसारखी कोरी जागा. तिथे आज्ञा लिहायची आणि यंत्राने ती पाळायची. त्याने लिहिले 'टीसीपीडंप', आणि क्षणात पडद्यावर ओळींचा पाऊस सुरू झाला. वेळ, कोणाकडून, कोणाकडे, किती बाइट. वेळ, कोणाकडून, कोणाकडे, किती बाइट. मी तर चष्मा काढून डोळे पुसले.

"हे कोणी शोधून काढलं?" मी विचारले.

त्याने सांगितलेली हकीगत मोठी मनोरंजक आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कलीचे विद्यापीठ यांच्यातला संगणकांचा संवाद एकाएकी मंदावला. मधले अंतर अवघे ४०० यार्ड; आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढे. पण सेकंदाला ३२ हजार बिट जात होते, तिथे ४० बिट जाऊ लागले. आठशेपट घसरण! व्हॅन जेकबसन हे तेथील संशोधक याच्या मुळाशी गेले. कारण साधे निघाले. वाट तुंबली की पोच येईना; पोच येईना म्हणून प्रत्येक यंत्र तेच पाकीट पुन्हा पाठवी; त्यामुळे वाट आणखीच तुंबे. बाजारच्या दिवशी बोळात गाड्या अडकाव्यात आणि प्रत्येकाने मागे सरण्याऐवजी पुढेच रेटावे, तशातली गत. १९८८ मध्ये जेकबसन यांनी यावरचा तोडगा निबंधरूपाने प्रसिद्ध केला : पोच येईना झाली तर नेट लावून पुढे घुसू नका, हात आखडता घ्या. आज जगभरचे नेट चालते त्यामागे ही शहाणीव आहे.

त्याच प्रयोगशाळेत त्याच सुमारास जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मकॅन या तिघांनी 'टीसीपीडंप' तयार केले. वाटेवर काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहिल्यावाचून निदान कसे करायचे? पुढे १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी असेच चित्रमय साधन काढले. त्याचे नाव आज 'वायरशार्क', आणि काळ्या पाटीवर चालणारे त्याचे धाकटे भावंड म्हणजे 'टीशार्क'. ही सारी साधने फुकट मिळतात.

पण नुसता पाऊस पाहून शेत पिकत नाही. त्या लाखो ओळींतून आपल्याला हवी ती ओळ निवडायची कशी? इथे चाळणी लागते, आणि इथेच मला मराठीच्या मास्तराला एकदम घरी आल्यासारखे वाटले. कारण ही चाळणी म्हणजे चक्क व्याकरण आहे!

भाच्याने एक आज्ञा लिहून दाखवली. ती लिहायची रोमन अक्षरांत, पण कानाला ती अशी लागते : 'सोर्स होस्ट १०.४२.०.५७ अँड नॉट पोर्ट ५३'. म्हणजे, या पत्त्याच्या फोनकडून निघालेली, पण ५३ क्रमांकाच्या कामाची नसलेली, अशी पाकिटे तेवढी दाखव. मी म्हणालो, "अरे, यात 'सोर्स' म्हणजे आपली पंचमी, 'ऊन' आणि 'हून'. 'डेस्टिनेशन' म्हणजे चतुर्थी, 'स', 'ला', 'ते'. 'होस्ट' आणि 'पोर्ट' ही नामे, आणि 'अँड', 'ऑर' ही उभयान्वयी अव्ययं." भाचा हसला. म्हणाला, "मामा, तुम्हाला परीक्षेत पैकीच्या पैकी. पण एक खोच आहे. 'नॉट' आपल्या लगतच्या शब्दाला आधी धरतो. 'अँड' आणि 'ऑर' यांचा मान मात्र सारखा. जो आधी आला तो आधी. म्हणून कंस घातला नाही, तर अर्थाचा अनर्थ होतो." 'राम किंवा श्याम आणि गोविंद यांनी यावे', या वाक्यात नक्की किती जणांची पाने मांडायची, हा प्रश्न आमच्या वर्गातही दर वर्षी निघतोच.

ही चाळणी कुठे बसवावी, यालाही महत्त्व आहे. मकॅन आणि जेकबसन यांनी १९९३ च्या जानेवारीत एका परिषदेत निबंध वाचला, त्याचे सार एवढेच, की आधी सारे टपाल घरात आणून मग निवडत बसू नका, दारातच चाळा. नको ते पाकीट यंत्राच्या गाभ्यातच बाजूला पडले, की पुढचे सारे श्रम वाचतात. आमच्या वहिनी सोयाबीन घरात घेण्याआधी अंगणातच चाळून घेतात, त्याला आणखी काय म्हणावे?

रात्री भाच्याने तपासणी लावून दिली. ओळी पडद्यावर न दाखवता एका फाइलीत साठवायच्या. मात्र त्याने आज्ञेत एक आकडा घातला : १२८. मी विचारले, हे काय?

"प्रत्येक पाकिटाचे पहिले १२८ बाइटच घ्यायचे," तो म्हणाला. "म्हणजे पाकीट घेतलं, पत्र घेतलं नाही. पाकिटाचं पूर्ण वजन मात्र वहीत लिहिलं जातंच. आपल्याला वजनच हवंय ना?" त्याने सांगितले, की जुन्या काळी टीसीपीडंप आपण होऊनच फक्त पहिले ६८ बाइट घेत असे.

"पण सगळं घेतलं असतंस, तर वाचता आलं असतं का?"

"आता बहुतेक नाही. पूर्वी पुष्कळ मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा जायचा. आता बहुतेक संकेतस्थळं तो कुलूप लावून पाठवतात. वाटेत कोणाला वाचता येत नाही, आणि बदलताही येत नाही."

बदलता येत नाही, हे ऐकून मला शनिवारवाडा आठवला. १७७३ च्या ऑगस्टात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातल्या 'धरावे'चे कोणी 'मारावे' केले, ही आख्यायिका महाराष्ट्रात पोराटोरांना पाठ आहे. त्या पत्राला असे कुलूप असते, तर 'ध'चा 'मा' करणे कोणाला जमले नसते, आणि आपली भाषा एका वाक्प्रचाराला मुकली असती!

"मात्र कुलूप असलं तरी पाकिटावरचा पत्ता दिसतो," भाचा पुढे म्हणाला. "फोन ५३ नंबरच्या पोर्टवरून विचारत असतो, अमक्या नावाचा पत्ता काय? ती नावं बहुधा उघडी असतात. कोण कोणत्या दवाखान्याच्या पानावर गेलं, कोण नोकरी शोधतंय, हे नुसत्या नावांवरून कळतं. म्हणून आधी नावं बघायचीच नाहीत. आधी फक्त वजन. ज्याचं वजन जास्त, त्याला विचारून मगच नाव. मामा, चाळणी नुसती सापडवण्यासाठी नसते. काय बघायचं नाही, हेही तिलाच सांगायचं असतं. पाकीट बघावं, पत्र वाचू नये."

माझी बहीण जवळच लसूण सोलत बसली होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "हे तुझ्या धाकट्या मामाला तेव्हा कुणी शिकवलं असतं तर!"

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. १९९४ साली, मी चौदा वर्षांचा असताना, तिच्या नावाने आलेले एक आंतरदेशीय पत्र मी वाफेवर धरून उघडले होते. तिच्या मैत्रिणीचे पत्र. त्यात काहीच नव्हते. मी ते पुन्हा चिकटवून ठेवले, आणि ते कोणाला कळले नाही, असे तीस वर्षे समजत होतो. एवढे मात्र आठवते, की त्यानंतर तिला घरच्या पत्त्यावर पत्रे येईनाशी झाली.

मी उठून अंगणात आलो. भाचाही मागून आला. आईच्या बोलण्याबद्दल त्याने काही विचारले नाही. विषय बदलावा म्हणून औंढ्याच्या प्रयोगशाळेचे बोलू लागला. औंढा नागनाथजवळ, आमच्याच जिल्ह्यात, लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार चार किलोमीटरांच्या दोन भुजा, आणि आकाशातून येणारी गुरुत्वलहर पकडायची. अशी लहर अमेरिकेत प्रथम सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. "तिथंही हेच, मामा," तो म्हणाला. "जमिनीचा कंप, वाहनांचा धक्का, हे सारं चाळून काढायचं. उरलं तर ताऱ्यांचं बोलणं. आपण काय शोधतोय हे आधी ठरलेलं नसेल, तर नुसताच गोंगाट."

"पण ही पाळत वाईटच म्हणायची का?" मी विचारले.

"छे! आपल्या दारावर आपणच पहारा ठेवायला नको?" त्याने पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण दिले. २०१८ च्या ऑगस्टात, ११ आणि १३ तारखेला, चोरांनी त्या बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. एटीएमकडून 'पैसे द्यावेत का?' असा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे जायचा असतो. चोरांनी मध्येच आपला तोतया बसवला, आणि तोच 'द्या, द्या' म्हणत राहिला. खऱ्या यंत्रापर्यंत प्रश्न पोचलेच नाहीत. अशा वेळी कोणते पाकीट कुठे चालले आहे हे पाहणारा डोळा हवाच. "आपल्या जाळ्यावर, सांगून सवरून पाहणं, हा पहारा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या जाळ्यावर, न विचारता पाहणं, ही चोरी." कायदाही तेच म्हणतो. दुसऱ्याच्या संगणकातली माहिती परवानगीवाचून उतरवून घेतली, तर २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाखाली भरपाई द्यावी लागते. कपटाने केले, तर ६६ व्या कलमाखाली शिक्षा आहे. आणि खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. प्रत्येक नागरिकाचा, त्यातून घरातल्या लेकी वगळलेल्या नाहीत.

सकाळी आंघोळी आटोपून सारी मंडळी ओसरीवर जमली. परीक्षेच्या निकालाला जमतात तशी. भाच्याने टीशार्कला रात्रीची फाइल दिली आणि प्रत्येक पत्त्याची बेरीज मागितली. एकेका फोनसमोर आकडे उमटले.

पोरीचा फोन : रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत चार एमबी. फोन झोपेत कूस बदलतो, तेवढेच. वहिनींचा त्याहून कमी. माझा नऊ. आणि १०.४२.०.५७ या पत्त्याचा : एक हजार आठशे एमबी. जवळजवळ सारे बाहेर जाणारे.

"सत्तावन्न कोण?" अण्णांनी विचारले.

कोणी बोलेना. भाच्याने हलकेच त्यांच्या खिशाकडे बोट केले.

"मामा, तुमच्या फोननं कोणाला हाक मारली, ते बघू का? तुम्ही म्हणाल तरच."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बघ."

भाच्याने फक्त तेवढ्या पत्त्याची, ५३ पोर्टवरची पाकिटे काढली. नाव निघाले ते फोटो सांभाळून ठेवणाऱ्या एका ॲपचे. मग सारा उलगडा झाला. अण्णांनी दसऱ्याला नवा फोन घेतला होता. जुन्या फोनवरचे सारे फोटो, गावातल्या सप्ताहाची तासतासभराची कीर्तने, नातवाची बाळलीला, हे सर्व त्यात भरून घेतले होते. फोन सुरू करताना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला कोणीतरी 'होय' दाबून दिले होते. तेव्हापासून रोज रात्री अण्णा फोन चार्जिंगला लावून झोपत, आणि मध्यरात्री नवा कोटा सुरू झाला, की फोन इमानेइतबारे एकेक कीर्तन दूरच्या कोठारात पाठवू लागे. डबीचा दिवा लुकलुके तो त्यासाठी. कोटा संपला की काम अर्धवट राही. दुसऱ्या रात्री पुन्हा सुरू.

"म्हंजे," अण्णा सावकाश म्हणाले, "रातभर बोलणारा मीच?"

"आता करा म्हणावं नांदेड बंद!" वहिनी आतून म्हणाल्या. इतका वेळ त्या चुलीपाशी गप्प होत्या.

अण्णा हसले नाहीत. माफी मागण्याची रीत आमच्या घरात बापांना नाही. त्यांनी मागितलीही नाही. त्यांनी खिशातून फोन काढला आणि लेकीपुढे धरला. "हे काय ते बंद कर माय. आन् नांदेडचा फारम कवा निघतो, ते बी त्यातच बघ."

भाच्याने आम्हा सर्वांच्या देखत ती रात्रीची फाइल पुसून टाकली. काम झाले, आता ठेवायची कशाला, म्हणाला.

नेट लवकर संपते, रात्री दिवा लुकलुकतो, आणि घरात वाढत्या वयाचे एक पोर आहे, अशी घरे आज शहरातही दारोदार आहेत. प्रत्येक घरात असा भाचा असेलच असे नाही. पण फोनच्या सेटिंगमध्ये कोणते ॲप किती डेटा खाते, याचा हिशेब कोणालाही पाहता येतो. तो पाहावा, आणि आधी आपला स्वतःचा पाहावा.

परतीच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर मी बहिणीला म्हणालो, "ताई, ते पत्र..."

"कोणतं पत्र?" ती म्हणाली, आणि लाडूंचा डबा माझ्या पिशवीत नीट बसवू लागली.